चार बॅटऱ्या जोडण्याआधी

बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या समोर आहेत, प्रत्येकी १५० अँपिअर-अवरच्या (किती करंट किती तास पुरेल याचं हे माप). चारही सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला असं एकामागे एक, जोडल्या तर ४८ व्होल्ट मिळतात, क्षमता १५० अँपिअर-अवरच राहते. चारही पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या तर व्होल्ट १२च, क्षमता मात्र ६००. दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या जोड्या एकमेकींना पॅरलल दिल्या तर २४ व्होल्ट आणि ३०० अँपिअर-अवर. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा, तिन्ही वेळा उत्तर ७२०० वॉट-अवरच येतं. जोडणी बदलल्याने साठा वाढत नाही आणि घटतही नाही. टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे तीन सेल एकामागे एक घातले की साडेचार व्होल्ट होतात, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला हे गणित समजायला वेळ लागत नाही.

खरं काम त्यानंतरचं. चारही बॅटऱ्यांनी सारखं ओझं उचललं पाहिजे, चारही सारख्या भरल्या पाहिजेत आणि सारख्याच रिकाम्या झाल्या पाहिजेत. हे आपोआप होत नाही, जोडणाऱ्याला ते घडवून आणावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या घरी मी हे काम केलं, ते कसं केलं ते सविस्तर लिहिते आहे. घरी इन्व्हर्टर आहे, पण बॅटऱ्यांकडे कुणी बघत नाही, अशी कितीतरी घरं माझ्या ओळखीत आहेत.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरपासून फार लांब नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. रोठा सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या, त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. घरी काका-काकू दोघंच होते. विहीर भरलेली, पण पाणी टाकीत चढवायला वीज नाही, फोन बंद, रात्री कंदील. मी पुण्यात कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करते. दिवसभर वायरी हाताळणाऱ्या माणसाच्या घरात महिनाभर अंधार असावा, हे मला फार लागलं. तो पावसाळा सरल्यावर आम्ही २४ व्होल्टचा, दोन केव्हीएचा इन्व्हर्टर आणि दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालाव्या लागणाऱ्या शिशा-अ‍ॅसिडच्या, बॅटऱ्या घेतल्या. पुढे पडवीच्या पत्र्यावर चार सोलर पॅनल आले, प्रत्येकी ३३५ वॉटचे.

गेल्या वर्षी चैत्र-वैशाखात काका फोनवर म्हणू लागले, की वीज गेली की पूर्वी सकाळपर्यंत पंखे चालायचे, आता मध्यरात्रीच्या आत इन्व्हर्टर ओरडायला लागतो. काकूंनी वेगळीच गोष्ट सांगितली. "अगं, त्या दोघींतली खिडकीकडची पाणी फार पिते. भिंतीकडचीला महिनोन्‌महिने घालावं लागत नाही. म्हणजे खिडकीकडचीच बिघडली असणार ना?"

काकूंचं निरीक्षण अगदी अचूक होतं, निदान मात्र उलटं निघालं.

गावी पोचल्यावर पहिल्यांदा सोलर आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले, बॅटऱ्यांमधली जोडपट्टी काढली आणि दोघींना एकमेकींपासून सोडवून रात्रभर तसंच राहू दिलं. चार्जिंग थांबल्या थांबल्या मोजलेले व्होल्ट फसवे असतात, काही तास जावे लागतात. सकाळी मल्टिमीटर लावला. खिडकीकडची १२.३६, भिंतीकडची १२.२४. फरक इतका किरकोळ, की एवढ्यावरच थांबलं असतं तर कुणीही दोन्ही ठीक आहेत म्हणून सोडून दिलं असतं. मग हायड्रोमीटर काढला. अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड आहे, म्हणजे त्याची ग्रॅव्हिटी, तो दाखवतो; सेल रिकामा होत जातो तसा हा आकडा उतरतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात आणि तेही आतून सिरीजमध्येच जोडलेले असतात. प्रत्येक सेलचं झाकण उघडून अ‍ॅसिड काचेच्या नळीत ओढायचं, तरंगतं मीटर कुठे थांबतं ते वाचायचं, अ‍ॅसिड परत त्याच सेलमध्ये सोडायचं. खिडकीकडचीचे सहाही सेल १.२१५ ते १.२२५ च्या दरम्यान. भिंतीकडचीचे पाच सेल तसेच आणि निगेटिव्ह टोकापासून दुसरा सेल १.१३० वर. मीटर जवळजवळ नळीच्या तळाशी बसलं.

हाच सेल दोघींना खाली ओढत होता. खात्री करायला मोटारीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब पॅरललमध्ये बांधले, म्हणजे साधारण नऊ अँपिअरचा भार झाला, आणि एकेका बॅटरीवर ते जाळत ठेवले. खिडकीकडची दुपारपर्यंत १२ च्या आसपास टिकून राहिली. भिंतीकडची तीन तासांत हळूहळू ११.८ वर आली आणि तिथून थोड्याच मिनिटांत १०.२ वर कोसळली. दीड-दोन व्होल्ट असे एकदम जातात तेव्हा एक सेल पूर्ण रिकामा झालेला असतो. बाकीच्या पाच सेलांचा करंट त्याच्यातून तरीही वाहत राहतो आणि त्या सेलचे ध्रुव उलटायला लागतात. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच करंट जातो, कुणाला थांबायची मुभा नसते.

मग खिडकीकडची इतकं पाणी का पीत होती? चार्जर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून २८.८ व्होल्ट देतो. निम्मे-निम्मे वाटले गेले तर प्रत्येकीला १४.४. भिंतीकडचीतला अधू सेल आपल्या वाट्याचे व्होल्ट घेईना, ते शिल्लक व्होल्ट दुसरीच्या माथी. चार्जरच्या दृष्टीने बेरीज बरोबर होती, प्रत्यक्षात चांगली बॅटरी रोज जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उडत होतं आणि अधू बॅटरी रोज अर्धपोटी राहत होती. काकूंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्या बॅटरीकडे बघत होत्या. त्यांचं पाणी घालण्याचं टिपण नसतं तर मला अधू बॅटरी शोधायला जास्त खटपट करावी लागली असती, हे मी इथे आवर्जून नोंदवते.

आता प्रश्न आला नव्यांचा. घरचा भार वाढला होता, त्यामुळे चार बॅटऱ्या लावायचं ठरलं होतंच. काकांचं म्हणणं, "खिडकीकडची चांगली आहे ना? मग तीनच नव्या घे. चांगली वस्तू भंगारात कशाला घालायची?" हिशोबाने वागणाऱ्या कुठल्याही घरात हा प्रश्न येणारच, आणि माझ्या मते बॅटऱ्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान याच ठिकाणी होतं. खिडकीकडची चांगली म्हणजे तिच्या वयाला चांगली. १५० अँपिअर-अवरपैकी तिच्यात फार तर १०० उरले असतील. नवीबरोबर सिरीजमध्ये गेली तर तिचे १०० संपतील तेव्हा नवीत अजून ५० शिल्लक असतील आणि तरी जोडीचं काम तिथेच थांबेल. त्यापुढे रेटलं तर जुनी उलटी व्हायला लागेल. चार्जिंगच्या वेळी जुनी आधी भरेल आणि नवी भरेपर्यंत उकळत राहील. मी काकांना विचारलं, नांगराला एक थकलेला आणि एक दमदार बैल जुंपाल का? ते म्हणाले, नाही, दमदार बैलही खराब होतो. विषय मिटला. खिडकीकडची बॅटरी गोठ्यात एकटी, बारा व्होल्टच्या एलईडी दिव्यांसाठी ठेवली. तिथे तिचं ती बघते, कुणाशी बरोबरी करायची नाही. भिंतीकडची दुकानदाराने वजनावर परत घेतली.

चार नव्या कशा जोडायच्या, यावर थोडा विचार केला. ४८ व्होल्टचा मोह होता, कारण व्होल्ट वाढले की तेवढ्याच वॉटना करंट कमी लागतो. हजार वॉटला १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर, २४ वर ४२, ४८ वर २१. वायरीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गावर ठरते. करंट निम्मा झाला की तेवढ्याच वायरीत नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणूनच १२ व्होल्टवर चार बॅटऱ्या पॅरललमध्ये लावून मोठा इन्व्हर्टर चालवणं मला पटत नाही. हाताच्या बोटाएवढ्या जाड केबल लागतात आणि तरीही टर्मिनल तापतात.

पण घरचा इन्व्हर्टर २४ व्होल्टचा होता, पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा सोलर चार्ज कंट्रोलरही त्यावर बसवलेला, आणि दोन्ही उत्तम चालत होते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटलं. चारही सिरीजमध्ये असतील तर एक बॅटरी गेली की सगळं घर बंद. दोन जोड्या असतील तर बिघडलेली जोडी सोडवून बाजूला ठेवायची, दुसऱ्या जोडीवर निम्म्या क्षमतेने घर चालतं. आषाढात घाटात दरड आली, झाडं पडली, तर माणगावहून नवी बॅटरी यायला किती दिवस लागतील ते कुणी सांगावं? तेव्हा दोन-दोनच्या दोन जोड्या.

बॅटऱ्या टेम्पोतून आल्या. एकेक पन्नास किलोच्या वर, उतरवायला चार माणसं. पावती फाडायच्या आधी मी त्यांच्यावरचे उत्पादनाच्या महिन्याचे शिक्के पाहिले. दोन एका महिन्यातल्या, दोन त्यानंतरच्या महिन्यातल्या. महिन्याभराचा फरक चालतो, फक्त एका महिन्यातल्या दोघी एका जोडीत ठेवायच्या. सिरीजमधल्या दोघी जितक्या सारख्या तितकं बरं. पॅरललमधल्या दोन जोड्यांत थोडं उणंअधिक असलं तर त्या करंट आपापसांत वाटून घेतात.

नव्या बॅटऱ्या भरलेल्याच येतात, असं दुकानात सांगतात. मी चारही वेगवेगळ्या, बारा व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरल्या. चार्जर गावातल्या गॅरेजमधून मागून आणला. रात्र जाऊ देऊन मोजलं तर १२.५२, १२.५१, १२.४५, १२.५२. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ जण घाबरून बॅटरी परत करायला जातात. इंटरनेटवरचे तक्ते पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.७ व्होल्ट सांगतात. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास ठेवतात, मोटारीच्या बॅटरीपेक्षा कमी. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की एका सेलचे व्होल्ट अंदाजे कळतात: १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, सहा सेलांचे १२.४८. साडेबारा व्होल्ट म्हणजे या बॅटरीचं पोट भरलेलं आहे. १२.४५ वालीचे सेल तपासले तर एक १.२२५ वर होता. तिला आणखी एक दिवस सावकाश चार्ज दिला, तो सेल वर आला.

त्यानंतर चारही एका रात्रीसाठी नुसत्या पॅरललमध्ये बांधून ठेवल्या, भार नाही, चार्जर नाही. पॅरललमध्ये जोडलं की चढ्या व्होल्टची बॅटरी उतरत्या व्होल्टच्या बॅटरीला करंट देते आणि सगळ्या एका पातळीवर येतात. मात्र ही पातळी आधीच जवळ आणलेली असायला हवी. दोन बॅटऱ्या आणि मधली वायर मिळून दहा मिलीओहमचा अडथळा धरा. फरक ०.०७ व्होल्टचा असेल तर सात अँपिअर वाहतात, काही बिघडत नाही. एक भरलेली आणि एक रिकामी, फरक ०.७ व्होल्टचा, तर ७० अँपिअर एकदम. टर्मिनलवर ठिणगी उडते आणि जवळ चार्जिंगच्या वेळचा हायड्रोजन साचलेला असेल तर ती ठिणगी जीव घेऊ शकते.

जोडणीच्या दिवशी गावातले वायरमनदादा मदतीला आले. माणूस कामाचा, खांबावर चढून उभं आयुष्य गेलेलं. खोलीची खिडकी आणि दार सकाळपासून उघडं ठेवलं होतं. मी हातातल्या बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं सगळं काढून काकूंकडे दिलं. १५० अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजार अँपिअरच्या वर करंट देऊ शकते. २४ व्होल्टचा कोरड्या हाताला झटका बसत नाही म्हणून माणसं निर्धास्त असतात, पण सोन्याची बांगडी दोन टर्मिनलच्या मध्ये आली तर ती लाल होते आणि मनगटावरच असते. पान्याच्या दांड्यालाही वायरटेपचे जाड वेढे दिले, फक्त नटावर बसणारं तोंड उघडं ठेवलं.

केबल २५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, लवचीक. आमच्या भाराला ७० अँपिअरपर्यंत जायची वेळ येते, त्याला ती पुरेशी. तुकडे कापताना मी प्रत्येक तुकडा पहिल्या तुकड्याशेजारी धरून कापला. दोन्ही जोड्यांमधल्या मधल्या तारा सारख्या लांबीच्या, जोड्यांकडून जाणाऱ्या ताराही सारख्या. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचं तांब्याचं कडं, पक्कडीने चेपून चालत नाही, त्याला षटकोनी क्रिम्पिंगचं यंत्र लागतं. ते मी पुण्याहून आणलं होतं. नीट दाबलेला लग करवतीने मधोमध कापून दादांना दाखवला. आतल्या बारीक तारा एकजीव होऊन तांब्याचा भरीव ठोकळा झालेला दिसतो, तारांमध्ये फट दिसत नाही. फट राहिली की आमच्या खाऱ्या हवेत ती वर्षभरात हिरवी होते.

"पण दोन इंच लांबी कमी-जास्त झाली तर काय होतंय?" दादांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. घराच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये खरंच काही होत नाही. बॅटरीचा आतला अडथळा मात्र मुळातच काही मिलीओहमचा असतो. अर्धा मीटर केबल आणि तिचे दोन सांधे मिळून त्याच मापाचा अडथळा होतो, त्यामुळे करंट कुठून जायचा ते या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच ठरवतात.

हे दाखवण्यासाठी मी दोन जोडण्या करून बघितल्या. पहिल्यांदा इन्व्हर्टरच्या दोन्ही केबल, प्लस आणि मायनस, पहिल्याच जोडीच्या टोकांना लावल्या, आणि दुसरी जोडी पहिलीला दोन तारांनी जोडली. बहुतेक घरांत असंच असतं, कारण ते दिसायला सुटसुटीत दिसतं. ७५० वॉटची इस्त्री आणि दोन पंखे लावले. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आधी पहिल्या जोडीच्या तारेवर धरला, २२.४ अँपिअर. दुसऱ्या जोडीवर १९.५. मग सगळं बंद करून फक्त मायनसची केबल पहिल्या जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीच्या मायनसला लावली. आता प्लस एका टोकाला, मायनस दुसऱ्या टोकाला. तीच इस्त्री, तेच पंखे. २१.१ आणि २०.८. दादांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दोन्ही तारांवर पुन्हा पुन्हा धरून पाहिला.

कारण सोपं आहे. या दुसऱ्या, तिरक्या जोडणीत कुठल्याही जोडीतून गेलात तरी वाटेत तेवढीच केबल आणि तेवढेच सांधे लागतात. दोनच जोड्या असताना फरक तीन अँपिअरचा दिसला. तीन-चार जोड्या ओळीने लावलेल्या असतील तर पहिलीवर भार खूप जास्त पडतो, ती आधी म्हातारी होते आणि मग बाकीच्यांना घेऊन जाते.

प्रत्येक जोडीच्या प्लसवर ८० अँपिअरचा वेगळा फ्यूज बसवला. यावर मी कधीच तडजोड करत नाही. पॅरललमध्ये एका बॅटरीत आतून शॉर्ट झालं तर शेजारची जोडी आपली सगळी वीज तिच्यात ओतते, आणि इन्व्हर्टरचा मेन स्विच बंद केला तरी ते थांबत नाही, कारण तो करंट इन्व्हर्टरकडे जातच नाही. मेनला १२५ अँपिअरचा डीसीचा एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, घेतला. घरात वापरतो तो एसीचा एमसीबी इथे चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठणारी ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते, जळत राहते. डीसीच्या काही एमसीबींवर प्लस-मायनसची दिशा छापलेली असते, तीही पाळायची.

शेवटची केबल जोडण्याआधी दोन मापं घेतली. एकेका जोडीच्या टोकांना २५.० व्होल्ट, आणि दोन्ही जोड्यांच्या प्लसमध्ये फरक जवळजवळ शून्य. एखादी जोडी उलटी लागली असती तर मीटरवर ५० दिसले असते, आणि मीटरवर दिसणं ठिणगीत दिसण्यापेक्षा कितीतरी बरं. मग इन्व्हर्टरच्या प्लस केबलमध्ये ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब मध्ये धरून टोक टेकवलं. इन्व्हर्टरच्या आत वीज धरून ठेवणारे मोठे कपॅसिटर रिकामे असतात, ते सरळ जोडले तर एका क्षणात प्रचंड करंट ओढून टर्मिनलवर खड्डा पाडतात. बल्ब मध्ये असला की तो झळकतो, कपॅसिटर भरत जातात तसा मंद होत विझतो. मंद झाला नाही तर समजायचं, पुढे कुठेतरी शॉर्ट किंवा उलट जोडणी आहे, केबल लावायची नाही. आमचा बल्ब दोन-तीन सेकंदांत विझला. मग नट आवळले, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावली, एमसीबी वर केला.

छपरावरही हाच नियम आहे, ते त्या दिवशी दादांनीच ओळखलं. चार पॅनल दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून पॅरललमध्ये आहेत. एका पॅनलचे मोकळे, म्हणजे भार नसतानाचे, व्होल्ट सुमारे ४६, दोघांचे ९२, चार्ज कंट्रोलरच्या मर्यादेत. वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या आता उंच झाल्या आहेत आणि दुपारी तीननंतर एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडते. सिरीजमुळे त्या एका पॅनलपायी त्याचा जोडीदारही मंदावतो. सुपारी तोडायचा प्रश्नच नाही, ती पाच-सात वर्षं वाढवल्यावर कुठे धरायला लागते. पॅनलच वाडीपासून दूर सरकवले.

पावसाळा नीट गेला. ७२०० वॉट-अवरपैकी निम्मेच वापरायचे, असं इन्व्हर्टरला बांधून दिलं आहे. फ्रिज, पंखे, दिवे मिळून सरासरी २५० वॉट धरले आणि इन्व्हर्टरमधलं नुकसान वजा केलं तर बारा तास मिळतात. गणपतीच्या आधीच्या वादळी रात्री संध्याकाळी वीज गेली ती सकाळी आली, तोवर घर चालू होतं.

काकांनी एक वही केली आहे. महिन्यातून एकदा, सकाळी सोलर सुरू व्हायच्या आधी, ते प्रत्येक जोडीचे एकूण व्होल्ट आणि मधल्या तारेपासून मायनसपर्यंतचे व्होल्ट लिहितात. मधला आकडा एकूण आकड्याच्या बरोबर निम्मा असला की जोडी सरळ चालली आहे. श्रावणात दुसऱ्या जोडीत २४.८६ ला १२.३५ दिसले, म्हणजे खालची १२.३५ आणि वरची १२.५१. काकांनी त्याच दिवशी फोन केला. ढगाळ हवेमुळे कित्येक दिवस बॅटऱ्या काठोकाठ भरल्या नव्हत्या, अशा वेळी हे अंतर पडतंच. मी त्यांना महावितरणच्या विजेवर एक पूर्ण दिवस जास्तीचा चार्ज द्यायला सांगितलं, आणि पुढच्या खेपेला दोन्ही जोड्यांना बॅलन्सर बसवले. बॅलन्सर ही छोटी डबी असते, जोडीच्या दोन टोकांना आणि मध्याला जोडायची. ज्या बॅटरीचे व्होल्ट चढे असतील तिच्यातून थोडा थोडा करंट काढून ती दुसरीला देत राहते. जोडणीच्या दिवशीच बॅलन्सर लावला नाही, कारण बॅटऱ्या आपल्या आपण कशा वागतात ते मला आधी पाहायचं होतं. बॅलन्सर लावला तरी काकांनी वही थांबवलेली नाही. एखादीत सेल बिघडला तर बॅलन्सर तो काही दिवस झाकून ठेवेल, पण हायड्रोमीटरवर तो दिसेलच, म्हणून वहीत आता दर तीन महिन्यांनी चोवीस सेलांची ग्रॅव्हिटीही असते. काकू नळी धरतात, काका लिहितात.

शेजारच्या घरी आता लिथियमचे सेल आले आहेत. त्यांचा मुलगा मुंबईला असतो, त्याने लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे आठ सेल घेतले, सिरीजमध्ये २५.६ व्होल्ट होतात. त्याने मला विचारलं, आठही सेल ३.३० दाखवतात, म्हणजे सगळे सारखे, लगेच जोडू का? शिशाच्या बॅटरीचे व्होल्ट रिकामं होताना हळूहळू उतरतात, त्यामुळे आकड्यावरून काही तरी कळतं. या सेलांचे व्होल्ट वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत जवळजवळ हलतच नाहीत. एकात पाव साठा आणि दुसऱ्यात पाऊण असला तरी दोघंही ३.३ च्या आसपासच दाखवतील. तसेच सिरीजमध्ये जोडले तर भरलेला सेल आधी ३.६५ ला टेकतो, बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट, तिथेच चार्जिंग तोडतं आणि बाकीचे कायम अर्धे राहतात. म्हणून आधी आठही सेल पॅरललमध्ये बांधायचे, ३.६५ व्होल्टवर लावलेल्या पॉवर सप्लायने करंट जवळपास शून्यावर येईपर्यंत भरायचे, आणि मग सोडवून सिरीज करायची, प्रत्येक सेलला बीएमएसची तार देऊन. एवढे मोठे आठ सेल पॅरललमध्ये भरायला माझ्या दहा अँपिअरच्या सप्लायला दोन-तीन दिवस लागतील, त्यामुळे त्याला मी सलग सुट्टी काढायला सांगितली आहे. क्रिम्पिंगचं यंत्र आणि ट्रकचा बल्ब काकांकडेच ठेवून आले आहे.